तबकडीची दुसरी बाजू

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले, की खानदेशातल्या जुन्या घरांत माळ्यावरून काही वस्तू हमखास खाली येतात. तांब्याचा बंब, पितळी समई, कुणाच्या तरी लग्नातली पत्र्याची ट्रंक. कधी त्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काळ्या तबकड्याही निघतात. फोनो केव्हाच बिघडलेला असतो, त्याची पिन कुठे मिळते ते कुणाला ठाऊक नसते. आजोबा एखादी तबकडी हातात घेऊन दोन मिनिटे हरवल्यासारखे होतात, नातवंडे तिचा पंखा करून वारा घेतात. दुपारी भंगारवाला दारात येतो. तांब्यापितळेला भाव असतो, रद्दीला असतो; तबकडी मात्र तो वर फुकट घेऊन जातो.

हे अशा काळात चालले आहे, जेव्हा जग याच तबकडीकडे परत वळले आहे. अमेरिकेत २०२० मध्ये तबकड्यांच्या विक्रीतून सीडीपेक्षा जास्त पैसा आला. १९८६ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडेही जुन्या हिंदी चित्रपटांच्या एलपी पुन्हा छापून येऊ लागल्या आहेत आणि मुंबईच्या चोरबाजारात जुन्या प्रतींना हौशी गिऱ्हाईक आहे. या हौसेचे दुसरे टोकही आहे. तबकडीच्या मध्यावर काटे बसवून भिंतीवरची घड्याळे केली जातात, ती गरम करून मऊ केली की तिचा वाडगाही होतो. एकीकडे भंगार, दुसरीकडे शोभेची वस्तू. या दोन्हींमध्ये तबकडी ज्यासाठी जन्मली ती गोष्ट, म्हणजे ऐकणे, राहूनच जाते.

या तबकडीचा आणि आपला संबंध जुना आहे. एमिल बर्लिनरने सपाट तबकडीवर आवाज उमटवण्याच्या तंत्राचा हक्क १८८७ मध्ये नोंदवला. त्यानंतर पंधरा वर्षांत, १९०२ मध्ये, फ्रेड गायसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात येऊन गौहरजानचे गाणे घेऊन गेला. गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीत सांगते, कारण तबकडी छापली जाणार होती जर्मनीतल्या हॅनोव्हरला आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला हवे होते. १९०८ मध्ये कलकत्त्यालाच कारखाना सुरू झाला. त्या काळची ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असे आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच होता. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. १९४८ मध्ये व्हिनाइलची, ३३⅓ फेऱ्यांची एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. तरी आपल्याकडे ७८ची तबकडी १९७० च्या आसपासपर्यंत तग धरून होती.

आवाज टिकला की काय होते आणि नाही टिकला की काय होते, याचे उदाहरण मराठी माणसाला दूर शोधावे लागत नाही. बालगंधर्वांचे बालपणीचे काही दिवस जळगावात गेले आणि गाण्याचे सुरुवातीचे शिक्षण त्यांनी तिथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. जळगावचे खुले नाट्यगृह त्यांच्याच नावाने ओळखले जाते. बालगंधर्वांच्या पुष्कळ ध्वनिमुद्रिका आहेत. रात्र-रात्र 'वन्समोअर' घेणारे गाणे तीन मिनिटांत कोंबलेले असले, तरी तो गळा आज ऐकता येतो. त्यांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. थोरवी ऐकायची ती शिष्यांच्या आठवणींतून. शिष्याचा आवाज राहिला, गुरूचा गेला. मधले अंतर एवढ्याशा तबकडीचे.

तबकडीची खरी किंमत एका संपूर्ण देशाला कशी कळली, हे पाहायचे तर जरा लांब, कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावर जावे लागेल. हे बेट क्षेत्रफळाने एकट्या जळगाव जिल्ह्यापेक्षाही किंचित लहान आहे आणि लोकसंख्याही जिल्ह्याहून कमी आहे. पण तिथून निघालेले 'रेगे' संगीत जगभर पसरले आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या बेटाचे आपल्याशी नातेही आहे. १८४५ पासून हिंदुस्थानातले मजूर कराराने तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

रेगे म्हणजे बॉब मार्लीचे चित्र असलेला टी-शर्ट, एवढीच ओळख आपल्या तरुणांना असते. तो ताल आपल्या कानांना समजावून घेता येईल असा आहे. आपल्याकडे सारी वाट समेकडे जाते. समेवर वजन पडते आणि मान डोलते. रेगेच्या 'वन ड्रॉप' नावाच्या तालात पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि ढोलाचा घाव तिसरीवर पडतो. गिटार मधल्या जागा भरते आणि खर्जातली बेस गिटार चाल पुढे नेते. शब्द बहुधा गरिबांचे, गुलामगिरीची आठवण असलेल्यांचे आणि स्वाभिमानाचे. आंबेडकरी जलसे ऐकत वाढलेल्या माणसाला या गाण्यांचा रोख भाषा न कळताही कळावा.

जमैकात १९५० च्या दशकात घरोघर रेडिओ किंवा फोनो असणे परवडणारे नव्हते. गाणी पोचवली ती 'साउंड सिस्टिम'वाल्यांनी. मोठाले कर्णे, अँप्लिफायर आणि तबकड्यांची पेटी गाडीवर लादून हे लोक वस्तीच्या मोकळ्या जागेत रात्र जागवत. आपल्या गावोगावचा लाउडस्पीकरवाला आठवा. हळदीपासून वरातीपर्यंत आणि गणपतीच्या दहाही दिवसांत, झाडाला भोंगा बांधून तबकड्या वाजवणारा तो माणूस म्हणजे आपला साउंड सिस्टिमवालाच. गावाने सिनेमाची गाणी पहिल्यांदा ऐकली ती बहुतेक वेळा त्याच्या भोंग्यातून. फरक एवढाच, की जमैकातले क्लेमंट 'कॉक्सन' डॉड आणि ड्यूक रीड यांच्यासारखे लोक पुढे स्वतः गाणी मुद्रित करू लागले. आपला लाउडस्पीकरवाला कॅसेट आल्यावर तबकड्या मोडीत काढून मोकळा झाला.

एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचा आवाज काढून टाकलेला साज, अशी पद्धत तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीला रुळली. एकदा तबकडी कापताना गायकाचा आवाज सोडायचा राहून गेला, ती तशीच वाजवली आणि जमलेल्या लोकांनी स्वतःच गाणे म्हटले, असे सांगतात. या दुसऱ्या बाजूचे सोने केले ते किंग टबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑसबोर्न रडॉकने. मूळचा तो रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. तालुक्याच्या गावात असतात तसल्या दुकानात शोभावा असा. गाण्यातले काय ठेवायचे आणि काय काढायचे, यावर त्याने नवी कलाच उभी केली. गायकाचा एखादाच शब्द ठेवायचा आणि विहिरीत डोकावून हाक मारावी तसा त्याचा प्रतिध्वनी घुमू द्यायचा. गिटार अचानक नाहीशी करायची. मागे उरतात फक्त ढोल आणि खर्ज. याला म्हणतात 'डब'. आज जगभर 'रिमिक्स' म्हणून जे चालते, त्याचे एक मूळ या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर आहे. टबीची १९८९ मध्ये त्याच्या घराबाहेर गोळी घालून हत्या झाली.

ज्यांना या संगीताची ओळख करून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी आमच्या पसंतीच्या काही तबकड्या सांगतो. पहिली बॉब मार्ली आणि वेलर्स यांची 'कॅच अ फायर', १९७३ ची. तिचे पहिले वेष्टन सिगारेटच्या लायटरच्या आकाराचे होते आणि वरचे झाकण लायटरसारखेच उघडत असे. ते करणे खर्चाचे पडले, म्हणून लवकरच साधे वेष्टन आले. संग्राहक आज त्या पहिल्या प्रती शोधत फिरतात. दुसरी बर्निंग स्पिअर यांची 'मार्कस गार्व्ही', १९७५ ची. कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानासाठी झटलेल्या जमैकन पुढाऱ्याचे हे नाव. पुढच्याच वर्षी याच गाण्यांचा डब 'गार्व्हीज घोस्ट' नावाने निघाला. दोन्ही लागोपाठ ऐकल्या, की डब म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. तिसरी 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन', १९७६ ची. तिच्यात ऑगस्टस पाब्लो मेलोडिका वाजवतो. तोंडाने फुंकायची आणि बोटांनी पट्ट्या दाबायची ही छोटी पेटी शाळेतली पोरे वाजवतात; तिच्यातून त्याने काय कारुण्य काढले आहे ते ऐकावे.

चौथी तबकडी आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. ली पेरी याने आपल्या घराच्या आवारात बांधलेल्या छोट्या स्टुडिओत 'हार्ट ऑफ द काँगोज' तयार केली आणि ती १९७७ मध्ये थोड्याच प्रती छापून निघाली. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी ती जपली, इतरांना ऐकवली, तिचे नाव तोंडी पसरत गेले. शेवटी १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एका छोट्या कंपनीने ती नीट छापून पुन्हा बाजारात आणली आणि आज ती रेगेमधल्या श्रेष्ठ तबकड्यांत गणली जाते. जमैकातल्या कितीतरी गाण्यांच्या मूळ फिती हरवल्या, खराब झाल्या, पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आज ती गाणी नव्याने छापतात तेव्हा अनेकदा कुणाच्या तरी घरी राहिलेली तबकडी स्वच्छ करून तिच्यावरून आवाज उतरवून घ्यावा लागतो. कारखान्याने जे राखले नाही ते सामान्य माणसाच्या कपाटाने राखले.

त्याच जमैकात याच्या उलटही घडले. अमेरिकेतून आणलेल्या दुर्मीळ तबकडीचे नाव प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून साउंड सिस्टिमवाले तिचे लेबल खरवडून टाकत. कुठल्या गायकाचे, कुठल्या कंपनीचे, काहीच कळू द्यायचे नाही. आपल्या उस्तादांच्या बंदिशी लपवून ठेवण्याच्या कथा आठवाव्यात, तसेच हे. धंद्यापुरते ते चालले असेल, पण लेबल खरवडलेली तबकडी म्हणजे नाव-गाव पुसलेला माणूस. संग्रह करणे आणि साठा करणे यात फरक आहे तो इथेच. साठा कुलपात असतो. संग्रहाला यादी असते आणि त्याचे दार कधीतरी दुसऱ्यासाठी उघडते.

आता खानदेशात परत येऊ. धुळ्याइतके कागद जपणारे गाव महाराष्ट्रात थोडेच असेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून माळ्यांवरची, भुसाऱ्यांच्या दुकानांतली दप्तरे गोळा करत. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यात निधन झाले आणि दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ रोजी, तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडे जमवली, ती धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. जळगावला १८७७ पासून चालत आलेले वाचनालय आहे. रद्दीत जाणारा कागद म्हणजे इतिहास, हे ज्या मुलखाने महाराष्ट्राला शिकवले, त्याच मुलखात भंगारात जाणारा आवाज मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही.

खानदेशचा आवाज तबकड्यांवर आहे तरी काय, असे कुणी विचारील. एकच उदाहरण पुरे. १९७७ मध्ये आलेल्या 'जैत रे जैत' चित्रपटाची ध्वनिमुद्रिका घ्या. कथा कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची, पण गाणी लिहिली ती अजिंठ्याच्या पायथ्याशी पळसखेड्याला शेती करणाऱ्या ना. धों. महानोरांनी; त्यांचे शिक्षण शेंदुर्णीला आणि जळगावला झाले. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. मंगेशकर भावंडांचे आजोळ तापीकाठचे थाळनेर, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातले. नायिका स्मिता पाटील. त्यांचे घराणेही शिरपूरचेच. एका तबकडीत खानदेश तीन वाटांनी येऊन मिळाला आहे, आणि ती तबकडी अजूनही कितीतरी घरांत पडून असेल.

किंवा बहिणाबाई चौधरी घ्या. आसोद्याच्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात सुचलेले तिचे शब्द मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरले होते म्हणून तिच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तक निघू शकले. पुढे १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटाने त्या रचना तबकडीवर नेल्या आणि वसंत पवारांच्या चालींनी त्या घराघरांत पोचल्या. बहिणाबाईंचे शब्द आपल्याला मिळाले; त्या शब्दांमागचा त्यांचा स्वतःचा गळा मिळाला नाही. १९५१ पर्यंत त्या हयात होत्या आणि ध्वनिमुद्रण तर या देशात १९०२ पासून होते. कुणाला सुचले नाही, एवढेच. आज अहिराणी गाण्यांच्या जुन्या कॅसेटी, गावच्या कीर्तनकारांच्या आणि शाहिरांच्या फिती जर अशाच फेकल्या जात असतील, तर तीच चूक आपण यंत्र हाताशी असताना पुन्हा करत आहोत. आणि कॅसेटची फीत तर तबकडीपेक्षा लवकर खराब होते.

'आता सगळे मोबाइलवर मिळते, मग ही अडगळ कशाला?' हा प्रश्न घरातल्या गृहिणीचा असतो आणि तो रास्त आहे. जागा तिलाच करावी लागते. उत्तर असे, की मोबाइलवर मिळणारे जुने गाणे पुष्कळदा कुणीतरी आपल्या घरची तबकडी वाजवूनच तिथे चढवलेले असते. जे कुणी चढवले नाही ते तिथे नाही. शिवाय तिथे गाणे मिळते, पण साथीला कोण, साल कोणते, कंपनी कोणती, हे बहुधा मिळत नाही. तबकडीच्या लेबलावर आणि लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेल्या क्रमांकात ही माहिती असते. त्या क्रमांकांवरून कुठले मुद्रण आधीचे, कुठले नंतरचे, हे जाणकार सांगू शकतात. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने हेच काम केले. संग्राहकांना एकत्र आणले, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक काढले आणि विस्मरणात गेलेल्या गायकांची नावे पुन्हा नोंदवली.

ज्यांच्या घरी तबकड्या आहेत, त्यांनी काही साध्या गोष्टी सांभाळाव्यात. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर चढतो; पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहूनही अधिक. त्या उष्णतेत व्हिनाइलची तबकडी वाकते, म्हणून तबकड्या माळ्यावरून खाली, आतल्या खोलीत आणाव्यात. एकावर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, लाख विरघळते. मऊ ओलसर फडक्याने खाचेच्या दिशेने पुसावी आणि लगेच कोरडी करावी. ७८ची खाच रुंद असते, एलपीची बारीक. म्हणून चावीच्या फोनोची पोलादी पिन एलपीवर टेकवली, की एका फेरीत एलपी गेलीच म्हणून समजा. आणि वेष्टन फेकू नये. पाठीमागचा मजकूर हा त्या तबकडीचा जन्मदाखला असतो.

पण घरोघरच्या काळजीने काम भागणार नाही. आमची सूचना अशी. गावातल्या एका वाचनालयाने एक वही करावी आणि ज्याच्याकडे ज्या तबकड्या, कॅसेटी असतील त्याची नोंद तीत करून घ्यावी. वस्तू मालकाच्याच घरी राहू द्यावी. वाचनालयाकडे फक्त यादी. जळगावच्या विद्यापीठाने बहिणाबाईंचे नाव घेतले आहे; तिथल्या विद्यार्थ्यांना सुट्टीत या याद्या करायला लावणे, दुर्मीळ निघेल ते संगणकावर उतरवून घेणे, हे त्या नावाला शोभणारे काम होईल. कायद्याची भीती दर वेळी बाळगण्याचे कारण नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे असतो. म्हणजे बहुतेक ७८च्या तबकड्या त्या हक्कातून सुटल्या आहेत. शब्दांचे आणि चालीचे हक्क वेगळे असतात, तेवढे मात्र तपासून घ्यावे लागेल.

आणि महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, चार घरांनी मिळून तबकड्या ऐकाव्यात. एकाने बालगंधर्व आणावेत, एकाने महानोरांची गाणी, आणि गोव्याच्या रेगे महोत्सवाला जाऊन आलेल्या एखाद्या पुतण्याने आपला बॉब मार्ली आणावा. २०१६ पासून गोव्यात असा महोत्सव भरू लागला आहे. वडीलधाऱ्यांनी समेवरची ती शांतता कान देऊन ऐकावी आणि पुतण्याने तीन मिनिटांतल्या बालगंधर्वांना एकदा मनापासून 'वन्समोअर' द्यावा. वाजत राहिलेली तबकडी सहसा भंगारात जात नाही. एक बाजू संपली, की कुणीतरी उठून ती उलटते.